सदतिसावी तळटीप

वैजनाथराव चिंचकोटेकर माझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा दारात उभे राहिले आणि आत आलेच नाहीत. मला वाटलं, चपला काढायला थांबलेत. पण कुणीतरी पुढं येऊन ‘या साहेब’ म्हणेल, याची ते वाट बघत होते. उमरग्यात तहसीलसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. आठ बाय दहाची जागा, त्यात एक कॉम्प्युटर, दोन मशीन आणि मी. ‘या साहेब’ म्हणणारा माणूस ठेवला तर मला बाहेर बसावं लागेल. शेवटी मीच म्हणाले, “या काका.”

‘काका’ ऐकून त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसा काही मी त्यांचा हुद्दा दोन पायऱ्या खाली आणला होता. मग आत आले, खुर्ची रुमालानं झटकली आणि म्हणाले, “मी निवृत्त उपजिल्हाधिकारी.” त्यातला ‘निवृत्त’ ते इतक्या हळू म्हणायचे की पुष्कळांना तो ऐकूच यायचा नाही.

तेव्हापासून पंधरा-सोळा वर्षं त्यांच्या हातून जे जे लिहिलं गेलं ते सगळं मी टाईप केलं. आधी नगरपालिकेला तक्रारी, मग प्रचाराची पत्रकं, मग इतिहास. त्यामुळं माणूस म्हणून ते कसे होते हे काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला ठाऊक. मला ते मजकूर म्हणून ठाऊक आहेत.

त्यांच्याकडं हिरव्या शाईचं पेन होतं. सरकारात हिरवी शाई मोठ्या अधिकाऱ्यांची. नोकरी संपल्यावर गाडी गेली, बंगला गेला, शिपाई गेला. शाई परत मागायला कुणी आलं नाही. मी टाईप केलेला कागद ते घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी समासात हिरव्या अक्षरांत ‘चर्चा करा’ असं लिहून आणायचे. कागद माझ्यासमोर ठेवायचे आणि तिथंच उभे राहायचे. मग मी विचारायचं, “काय झालं काका?” आणि मग चर्चा व्हायची. चर्चेचा विषय बहुतेक वेळा एखादी वेलांटी असायचा.

घरीही कारभार तसाच. लग्नाची पत्रिका आली की तिच्यावर आवक क्रमांक पडायचा, तारीख पडायची, ‘पाहिले’ अशी सही व्हायची आणि मग ती काकूंकडं ‘पुढील कार्यवाहीसाठी’ जायची. काकूंच्या सख्ख्या मावसबहिणीच्या मुलीची पत्रिका अशीच टेबलावर राहून गेली. क्रमांक पडेपर्यंत नवरी नांदायला गेली होती. काकू आठ दिवस बोलल्या नाहीत. साहेबांना ते सातव्या दिवशी लक्षात आलं.

अशा माणसानं राजकारणात का जावं, हा प्रश्न सगळ्या तालुक्याला पडला, त्यांना सोडून. “लोकांची सेवा करायची आहे,” ते म्हणाले. चौतीस वर्षं लोकांना ‘उद्या या’ असं सांगून सेवा केली होती. आता ‘निवडून आल्यावर या’ असं सांगायचं होतं. फरक काही फार नव्हता.

त्यांच्या पहिल्या प्रचाराची गोष्ट अजून सांगतात. एका गावात सभेनंतर एक बाई पुढं आली. म्हणाली, “साहेब, आमचा डीपी जळून म्हैना झाला. पिकं वाळून चालली.”

“अर्ज दिला का?”

“दिला की.”

“पोच आहे?”

“पोच न्हाय.”

“मग अर्ज दिला असं म्हणता येणार नाही,” साहेब म्हणाले आणि तिच्यापुढं हात जोडले. “तेवढं आपलं मत मात्र आम्हाला द्या.”

बाई म्हणाली, “देते की. पोच देता का?”

त्या गावात त्यांना किती मतं पडली ते मी सांगत नाही. पोच कुणाकडंच नाही.

पुढच्या दहा वर्षांत त्यांनी तीन पक्ष बघितले. पक्ष बदलला म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. “बदली झाली,” म्हणायचे. पहिली विनंती बदली, दुसरी प्रशासकीय. नव्या पक्षाच्या कार्यालयात गेले की आधी खुर्चीमागच्या भिंतीकडं बघायचे. तिथं आधीच्या अध्यक्षांच्या नावांचा फलक नसेल तर लावायला सांगायचे. एकदा मात्र ते खरोखर निवडून आले, जिल्हा परिषदेवर. समोर दोन चुलतभाऊ एकमेकांना पाडायला उभे होते आणि दोघांनाही त्यात यश आलं.

त्या एका कारकिर्दीत त्यांनी जे काम केलं ते आजही उभं आहे. चिंचकोटा हे त्यांचं गाव, उमरग्यापासून दहा-बारा किलोमीटर, कर्नाटकाच्या अंगाला. गावाच्या तोंडाशी त्यांनी सिमेंटची उंच कमान बांधली. वर ठळक अक्षरांत ‘स्वातंत्र्यसेनानी सटवाजीबाबा प्रवेशद्वार’. सटवाजीबाबा म्हणजे साहेबांचे आजोबा. निजामाच्या राज्यात शिंदीची झाडं तोडायची चळवळ झाली होती. त्या झाडांतून काढलेल्या मादक रसावर, म्हणजे शिंदीवर, निजामाला मोठा महसूल मिळायचा, म्हणून चळवळीतली माणसं बनात घुसून झाडंच आडवी करायची. चिंचकोट्याच्या बनात अशीच धरपकड झाली आणि त्यात सटवाजीबाबाही तीन महिने तुरुंगात गेले. पुढं सरकारनं सेनानींच्या याद्या करायच्या आधीच ते वारले, त्यामुळं त्यांना कसला ताम्रपट मिळाला नाही की कसलं मानधन. एवढीच हकिगत साहेबांना ठाऊक होती, आणि तेवढ्यावर त्यांनी चार निवडणुका लढवल्या. प्रत्येक पत्रकाच्या माथ्यावर ‘स्वातंत्र्यसेनानीचा नातू’ ही ओळ असायची. ती माझ्या कॉम्प्युटरमध्ये मी वेगळी ठेवून दिली होती, दरवेळी टाईप करायला नको म्हणून.

नंतर तिकीट मिळेना. तिकीट न मिळालेल्या माणसाला वेळ फार असतो. साहेबांनी तालुक्याचा इतिहास लिहायला घेतला.

“पुराव्याशिवाय एक ओळ लिहिणार नाही,” त्यांनी मला बजावलं, जसं काही मीच आतापर्यंत लिहीत आले होते.

आणि ते खरोखर गावोगाव हिंडू लागले. सत्तरी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, पण वहीत समास आखलेला. एका गावात ऐंशी-पंच्याऐंशीच्या आजीनं त्यांना जात्यावरची ओवी म्हणून दाखवली, रझाकारांच्या दिवसांतली. आजीचा आवाज लागला होता, ऐकणाऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले होते. ओवी संपली तसं साहेबांनी विचारलं, “ही घटना घडली त्या वेळी हजर कोण होतं?”

आजी म्हणाली, “म्या व्हते.”

“तुमच्याशिवाय?”

“जातं व्हतं.”

साहेबांनी ती ओवी पुस्तकात घेतली नाही. साक्षीदार एकच, असा शेरा मारला. त्या दिवशी मला त्यांचा खरंच राग आला होता. मी ती ओवी ‘चुकून’ टाईप करून पाहिली. त्यांनी हिरव्या शाईनं काट मारली.

पुस्तक संपत आलं त्याच सुमाराला विधानसभेचं वारं वाहू लागलं. या वेळी धाराशिवच्या पुढाऱ्यांनी त्यांना शब्द दिला होता म्हणे. पुस्तकाचं प्रकाशन आधी, मग उमेदवारी, असं ठरलं. राहिलं होतं फक्त चिंचकोट्याच्या बनाचं प्रकरण. त्यासाठी साहेबांनी जुन्या कागदांच्या बस्त्यातून त्या खटल्याच्या निकालाची नक्कल मिळवली. सगळी उर्दूत. ती वाचून द्यायला आल्या रजियाबाजी.

बाजी उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या. काळ्या काड्यांचा चष्मा, हातात कायम कापडी पिशवी, आणि चाळीस वर्षं वर्ग सांभाळल्यानं आवाजात एक प्रकारची छडी. बाजी कागद स्कॅनरच्या उजेडात धरायच्या, मराठीत सांगायच्या, मी टाईप करायची. साहेब मधल्या खुर्चीत, हाताची घडी घालून. दुपारची वेळ होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.

बनात घुसलेल्या नऊ जणांची नावं झाली. कुऱ्हाडी किती सापडल्या ते झालं. दहावं नाव आलं. “सटवाजी वल्द रामजी, साकिन चिंचकोटा.”

साहेब खुर्चीत सरळ झाले. “हां. पुढं.”

बाजी वाचता वाचता थांबल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “साब, हा झाडावर होता.”

“झाडावर? म्हणजे झाड तोडायला चढले असतील.”

“नै साब. शिंदी काढायला चढला होता. बिगर परवाना. ही माणसं झाड तोडायला आली तवा हा वरच बसलेला. शिपायांनी खालच्यांना धरलं, मग ह्याला उतरवलं. संगं अकरा मडकी.”

मी टाईप करायची थांबले होते.

“एकाच नावाची दोन माणसं असू शकतात,” साहेब म्हणाले.

“बापाचं नाव रामजी. तुमच्या पणज्याचं नाव काय?”

साहेबांनी हाताची घडी सोडली. मग म्हणाले, “नक्कल करणाऱ्यानं चूक केली असेल.”

“ह्याचा जबाब पण हाय,” बाजी म्हणाल्या. “वाचू का राहू देऊ?”

“वाचा.”

“‘मी या लोकांतला नाही. हे आज आलेत. मी रोजचा आहे.’”

मला हसू आलं. खरं सांगते, ओठ दाताखाली धरून मी की-बोर्डकडं बघत राहिले. साहेब उठले, कागद बाजींच्या हातातून घेतला, उलटा का सुलटा तेही न बघता त्याच्याकडं टक लावून उभे राहिले.

“तुम्ही बरोबर वाचलंत?”

“लिहिलंय तेच वाचते मी, साब. माझ्या पदरचं एक अक्षर घालत न्हाय.” मग बाजींचा आवाज जरा उतरला. “छोडो ना साब. कोण बघायला येतंय? हा कागद तुमी, मी आन ही पोरगी, तिघांनीच पाहिला.”

साहेब कागद तिथंच टेबलावर ठेवून निघून गेले. छत्रीही विसरले.

तीन दिवस ते आले नाहीत. चौथ्या दिवशी काकू आल्या. “काय टाईप केलंस ग बाई?” त्यांनी विचारलं. “धड जेवत नाहीत. आलेली पत्रं तशीच पडलीत, क्रमांकसुद्धा टाकेनात.” हे शेवटचं ऐकून मला खरी काळजी वाटली.

पाचव्या दिवशी साहेब स्वतःच आले. या वेळी दारात थांबले नाहीत. एक कागद माझ्यासमोर ठेवला. “ही टीप घाला. सदतीस नंबर.”

मी वाचलं. ‘लेखकाचे आजोबा सटवाजी वल्द रामजी, रा. चिंचकोटा, हे वृक्षतोडीच्या सत्याग्रहात सहभागी नव्हते. ते सदर वेळी सदर झाडावर विनापरवाना शिंदी काढत असल्याचे अभिलेखावरून दिसून येते. प्रस्तुत लेखकाने यापूर्वी विविध व्यासपीठांवरून केलेली विधाने या टिपेद्वारे दुरुस्त समजावीत.’

“काका, तिकिटाचं काय?”

ते खुर्चीत बसले, आणि त्या दिवशी खुर्ची झटकायचीही विसरले. “एका विधवेचा वारसाचा अर्ज मी फेटाळला होता,” म्हणाले. “कागदावर तिच्या नवऱ्याचं नाव एका अक्षरानं चुकलं होतं. ती म्हणाली, साहेब, सगळ्या गावाला ठाऊक हाय. मी म्हटलं, गावाला काय ठाऊक आहे याच्याशी मला कर्तव्य नाही, कागद दाखव. ती गेली ती परत आली नाही.” मग कागद माझ्याकडं सरकवत म्हणाले, “इथं तर नाव अक्षर न् अक्षर बरोबर आहे. घाला तुम्ही.”

मी घातली. फक्त तळटिपांचा टाईप त्यांनीच निवडलेला होता, नऊ पॉइंटचा, बारीक. तो मोठा करा असं मात्र ते म्हणाले नाहीत. एवढाही मोठेपणा कुणाकडून मागू नये.

प्रकाशन थाटात झालं. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी पुस्तक हातात धरून अर्धा तास भाषण केलं आणि ‘सटवाजीबाबांच्या रक्तातली क्रांती नातवाच्या लेखणीत उतरली’ असं सांगितलं. टाळ्या झाल्या. साहेब व्यासपीठावर घामानं डबडबले होते. मला वाटलं, आता कुणीतरी उठेल. विरोधक उठतील, पत्रकार उठतील. सगळे जेवायला उठले.

मग सुरू झालं त्यांचं वाट बघणं. पुस्तक त्यांनी सगळ्यांना वाटलं: पुढाऱ्यांना, प्राध्यापकांना, एकमेकांना पाडणाऱ्या त्या दोन्ही चुलतभावांना. भेटेल त्याला विचारायचे, “वाचलं का?” समोरचा म्हणायचा, “व्वा साहेब, लई अभ्यास केलात.” साहेब म्हणायचे, “तळटिपाही बघितल्या?” “व्वा, टिपा तर लईच भारी.” असं दोन महिने चाललं. तालुक्याचा साधार इतिहास तालुक्यातल्या झाडून सगळ्या कपाटांत सुखरूप पोचला होता.

तिकीट जाहीर झालं ते कुणा पुढाऱ्याच्या जावयाला. साहेब माझ्या दुकानात आले आणि मी पाहिलं तर चेहऱ्यावर तेज. “बाई, वरपर्यंत वाचलं गेलेलं दिसतंय,” म्हणाले. तिकीट जाण्याचा एवढा आनंद झालेला दुसरा माणूस मी बघितला नाही. माझ्यासमोरच त्यांनी पक्षाच्या तालुकाध्यक्षाला फोन लावला. “माझ्या टिपेमुळं अडचण झाली असेल, तर मी समजू शकतो.”

पलीकडून मोठ्यानं आवाज आला, “कसली टीप साहेब? जावई लई दिवसांपासून मागं लागलेला.”

फोन ठेवून ते दारापर्यंत गेले. मग म्हणाले, “मुक्तिदिनाला चिंचकोट्याला येता का? बाजींनाही विचारा.”

सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाच्या सकाळी आम्ही दोघी त्यांच्या गाडीत बसून गेलो. झेंडावंदन कमानीपाशीच होतं. शाळेची मुलं, ग्रामपंचायतीची माणसं, पारावरची म्हातारी मंडळी. सरपंचांनी साहेबांना बोलायला सांगितलं. दरवर्षी ते ‘मुद्दा क्रमांक एक’पासून सुरुवात करत. त्या दिवशी त्यांनी पुस्तक उघडलं आणि सदतिसावी टीप वाचली. वाचून झाल्यावर कुणाला कळलं नसेल म्हणून साध्या शब्दांत सांगितलं, “माझे आजोबा स्वातंत्र्यसेनानी नव्हते. ते चोरून शिंदी काढत होते. मी तुमच्याशी खोटं बोललो. मला ठाऊक नव्हतं, पण मी तपासलंही नव्हतं.”

बाजींनी माझं मनगट घट्ट धरलं.

मग पुढं बसलेले एक म्हातारे, निवृत्तीबाबा, गालातल्या गालात हसायला लागले. त्यांच्या शेजारचे हसले. मग बायका.

“आवो साहेब,” निवृत्तीबाबा म्हणाले, “हे आमाला ठावंच हाय की.”

“ठाऊक आहे? कुणी सांगितलं?”

“सटवाजीबानंच. चावडीत बसून लई रंगवून सांगायचे. म्या लहान व्हतो, पर आजून याद हाय. म्हणायचे, खाली नऊ जण वंदे मातरम् म्हणतेत, वर म्या मडकं धरून बसलोय. उतरावं तर कुऱ्हाड, न उतरावं तर झाड पडतंय. पोट धरधरून हसायचं सगळं गाव. तुमी तवा सोलापूरला बोर्डिंगात व्हता.”

“मग मी कमान बांधली तेव्हा कुणी बोललं का नाही?”

“तुमी इचारलं कुठं?” म्हातारा म्हणाला. “पंचनाम्याला आल्यावानी यायचे तुमी. आमी म्हणलं, साहेबाच्या कागदात काय तरी निराळं असंल.”

साहेबांनी वर कमानीकडं बघितलं. “मग ही पाडावी लागेल. ठराव घ्या.”

“पाडू नगा,” मागून एक बाई ओरडली. “एस.टी. थांबती तिथं. कमान गेली तर डायवर सरळ पुढं न्हेल.”

सरपंचांनी ताबडतोब विषय संपल्याचं जाहीर केलं आणि मुलांना जिलेबी वाटायला सांगितली. साहेब खाली उतरले. मला वाटलं, आता गाडीकडं येतील. पण ते निवृत्तीबाबांपाशी गेले आणि त्यांच्या शेजारी फरशीवर बसले. सवयीनं खिशातली वही निघाली, पेन निघालं. म्हातारा जरा सावरून बसला, साक्षीला बसल्यासारखा. साहेबांनी त्याच्याकडं बघितलं, वही मिटली आणि खिशात ठेवली.

“अजून काय सांगायचे आमचे बाबा?” त्यांनी विचारलं.

आम्ही दोघींनी गाडीत बसून दीड तास वाट बघितली. लांबून ऐकू काही येत नव्हतं. साहेब हसतात कसे, ते मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. बरं हसत नाहीत. सवय नाही.

त्यानंतर वर्षभरात काकूंच्या आजारपणामुळं मुलानं दोघांना पुण्याला नेलं. जाण्याच्या आधी एकदा मी बाजींच्या घरी गेले होते, त्यांच्या आधारकार्डाच्या प्रती द्यायला. बाजींच्या ओसरीत साहेब मांडी घालून बसले होते. मांडीवर चौकटीची वही, हातात शिसपेन्सिल, चष्मा नाकाच्या टोकाला. उर्दूची मुळाक्षरं गिरवत होते. त्र्याहत्तराव्या वर्षी.

“साब, ये क्या है?” बाजी वहीवर बोट आपटत म्हणाल्या. “नुक्ता खाली द्यायचा. वर दिला की दुसरं अक्षर होतं. कालपण सांगितलं होतं. ध्यान किधर है तुमारा?”

मी दारातच थांबले. उभ्या आयुष्यात त्यांना अशा आवाजात कुणी बोललं नसेल. आता ते आधार विचारतील, नियम विचारतील, असं मला वाटलं.

साहेबांनी मान खाली घातली, शर्टाच्या बाहीनं ते अक्षर पुसलं, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि पुन्हा लिहायला घेतलं. बाजी कंबरेवर हात ठेवून त्यांच्या डोक्यावर उभ्या होत्या. मी आधारकार्डाच्या प्रती उंबऱ्यावर ठेवल्या आणि आवाज न करता परत फिरले.